बेडरूममधलं बाथरूम: आतला कोपरा की मागची भिंत?
आईसाठी तळमजल्यावरच्या बेडरूमला संडास-बाथरूम जोडायचंय. पहिला पर्याय, खोलीतलाच ५ बाय ७ फुटांचा कोपरा. छत तयार, खर्च कमी. पण घरामागचं सांडपाण्याचं चेंबर तिथून १२ फुटांवर. चार इंची पाइपला ४० फुटांना १ फूट उतार धरला, तर सुमारे साडेतीन इंच खाली जावं लागतं. म्हणजे खोलीभर फरशी फोडा, नाहीतर बाथरूम उंच घ्या. आणि दाराशी पायरी आईच्या गुडघ्यांना नकोच.

दुसरा, मागच्या भिंतीत दार काढून बाहेर बांधायचं. पाया, स्लॅब, परवानगी सगळं आलं. पण चेंबर शेजारीच, खिडकी थेट उघड्यावर, खोलीही आक्रसत नाही. मी हाच घेतोय. दार मात्र बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.