फासा हातातून की करवंटीतून?

कोकणात गणपतीच्या जागरणाला पडवीत लुडो रंगला की "फासा नीट टाकलास नाय!" हा वाद ठरलेलाच. हाताने टाकण्यात वेग आहे, मजाही आहे. पण सरावलेला हात सहाचा आकडा वर धरतो आणि फासा लोळवण्याऐवजी नुसता सरकवतो. फासा घरंगळलाच नाही तर वरची बाजू वरच राहणार. कॅसिनोत क्रॅप्स हा फाशांचा जुगार खेळताना फासे पलीकडच्या भिंतीवर आपटायला लावतात ते यासाठीच.

करवंटीत ही पकड सुटते. चांगली खुळखुळवायची, पालथी घालायची, मग उचलायची. आतून फार घासलेली नको. थोड्या खडबडीत करवंटीत फासा जास्त उलटतो. माझं मत करवंटीलाच, लहान मुलं खेळत असतील तर नक्कीच.

फासाच एका बाजूला जड केलेला असेल तर मात्र दोन्ही पद्धती हरतात. पेल्यातल्या पाण्यात प्लॅस्टिकचा फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवा (समुद्राचं पाणी बहुधा पुरत नाही, तेवढं खारट नसतं) आणि टिचकी मारून फिरवत राहा. पुन्हापुन्हा एकच आकडा वर आला, तर तो फासा बाद. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 येते ना, तेही बघून घ्या.