बुरानोची लेस घेताय? बिलावर काय लिहिलंय ते आधी बघा

व्हेनिसला जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत, आणि टूरबरोबर गेलेली असोत की आपापली, बुरानो बेटावर बहुतेकांची चक्कर होतेच. फोन्दामेन्ते नोवेच्या धक्क्यावरून १२ नंबरची बोट पाऊण तासात पोचवते. रंगीत घरांचे फोटो काढून झाले की सगळे लेसच्या दुकानांत शिरतात. तिथे माझी जी फसवणूक झाली ती तुमची होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाच्या दारात खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर उशी, उशीवर कागदाची नक्षी, आणि सुईने एकेक टाका चालला होता. काम अस्सल होतं, त्याबद्दल मला आजही शंका नाही. आत मालकाने काउंटरवर एक छोटं गोल डॉइली, म्हणजे ताटलीखाली घालायचा लेसचा रुमाल, ठेवलं, हातात घेऊन बघा म्हणाला. तेही अस्सल. मग मागच्या कपाटातून टेबलावरचा लांब रनर काढला. "हाही बेटावरच्या बायकांनीच केलेला, हातचा," असं त्याने माझ्या मुलीला इटालियनमध्ये स्पष्ट सांगितलं. ती पदुआला शिकते, तिला भाषा चांगली येते, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असं नाही. किंमत ८५ युरो. रनर पातळ कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून हातात दिला.

तिथून आम्ही गालुप्पी चौकातल्या लेसच्या संग्रहालयात गेलो. पूर्वी तिथे लेसची शाळा होती, १८७२ साली काढलेली. सतराव्या शतकात ही लेस युरोपभरच्या दरबारांत जात असे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने तर व्हेनिसकडच्या कारागीर बायकांना आपल्याकडे वळवून नेलं होतं. पण शाळा निघाली तेव्हा जुने टाके येणारी चेंचा स्कार्पारिओला ही एकच म्हातारी उरली होती. तिच्याकडून कला पुढे गेली. शाळा १९७० मध्ये बंद पडली.

तिथल्या काचेच्या पेट्यांसमोर उभं राहिल्यावर मला शंका आली. ही लेस कशी होते ते तिथे नीट कळतं. कागदावरच्या नक्षीखाली कापडाचे थर असतात, नक्षीच्या रेघांवर दोरा टाचून घेतात, आणि मग नुसत्या सुईदोऱ्याने मधल्या जागा भरत जातात. शेवटी थरांमधले टाचे कापले की लेस सुटी होते. खाली कापड नाही, जाळी नाही. एकेका टप्प्याचं काम वेगवेगळ्या बायका करतात, आणि तळहाताएवढ्या तुकड्यालाही आठवडे लागतात. मग दीड हात लांबीचा रनर ८५ युरोंत कसा मिळेल?

बाकावर बसून कागद सोडला. फुलं सगळी तंतोतंत एकसारखी, एक टाकासुद्धा इकडेतिकडे नाही. उलट बाजूला एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेला दोरा कापल्याची बारीक टोकं, ठरावीक अंतरावर. आणि एका कोपऱ्यात शिवणीत अडकलेले पांढऱ्या सॅटिनचे दोन तुसे, म्हणजे तिथलं लेबल कात्रीने कापलेलं. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या तुशांचा. मशीनचा माल विकणं हा गुन्हा नव्हे. पण लेबल कापून तो आजींच्या नावावर खपवणं म्हणजे गिऱ्हाईक तर लुटणंच, शिवाय जी बाई महिना-महिना डोळे फोडून काम करते तिचा भावही पाडणं. यंत्रमागाची साडी हातमागाची पैठणी म्हणून विकली की येवल्याच्या विणकराचं जे होतं, तेच इथे.

परत गेलो. मालक म्हणाला, "हातची म्हणजे डिझाइन हातचं." मुलगी म्हणाली, "आई, हा मघाशी असं बोललाच नव्हता." पैसे परत द्यायला साफ नकार. युरोपात १४ दिवसांत वस्तू परत करता येते म्हणतात, पण तो हक्क ऑनलाइन किंवा दुकानाबाहेर झालेल्या खरेदीला आहे. दुकानात उभं राहून घेतलेल्या वस्तूला नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी एकच करा. बिलावर 'फात्तो आ मानो आ बुरानो', म्हणजे बुरानोत हाताने केलेलं, असं त्या विशिष्ट वस्तूपुढे लिहून मागा. खरा माल विकणाऱ्याला हे लिहायला अडचण नसते. नमुना नाही, जी वस्तू घेणार तीच उलटी करून उजेडात बघा, आणि पॅकिंग डोळ्यांसमोर करून घ्या. बजेट कमी असेल तर अस्सल लेसचा अगदी छोटा तुकडा घ्या, किंवा मशीनचाच रुमाल मशीनच्या भावाने घ्या. शेजारच्या मुरानोला काच घेणार असाल तर 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हा तिथला अधिकृत शिक्का शोधा. तो प्रत्येक अस्सल वस्तूवर असतोच असं नाही, पण असला तर मोठा आधार.

भारतात आल्यावर मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली, फोटो जोडले. बिलावर फक्त 'टेबलक्लॉथ, १ नग' होतं. बँकेचं उत्तर आलं: बिलात लिहिलेली वस्तू आपल्याला मिळालेली आहे, तक्रार बंद करत आहोत.