माळ्यावर खोली काढताय? ‘सगळं धरून’ दराला भुलू नका

जुन्या नाशकात आणि पंचवटीत अजून कौलारू घरं आहेत. कुटुंब वाढलं की माळ्यावर एक खोली काढू, हा विचार तिथं हमखास निघतो. आमच्याकडे धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा निघाला. पुढे आमच्याशी जे झालं ते दुसऱ्या कोणाशी होऊ नये, म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

माळा वीस बाय पंधरा, म्हणजे 300 चौरस फूट. ठेकेदार ओळखीतूनच आला. बाबांना म्हणाला, “काका, अकराशे रुपये फूट, सगळं धरून. कडेच्या भिंती दोन फूट वर घेऊ, जिना देऊ, तुम्ही फक्त राहायला जा.” मी परवानगीचं विचारलं, तर “ताई, माळाच तर आहे, त्याला कसली परवानगी?” हिशेब सरळ होता, 3,30,000 रुपये.

मे संपता संपता त्यानं कौलं उतरवली आणि मग दर बदलायला लागले. छप्पर उघडं, आभाळ भरून आलेलं, खाली देवघर, धान्याच्या कोठ्या, आजारी आई. अशा वेळी तो म्हणेल त्याला हो म्हणावं लागतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आधी म्हणाला, माप जमिनीचं नाही, उतरत्या छपराचं धरायचं. वळचणीसकट ते साडेचारशे फूट भरलं, आणि 3,30,000 चे 4,95,000 झाले. मग गर्डर ‘एक्स्ट्रा’ निघाले, 1,02,000. जिनाही ‘एक्स्ट्रा’, 45,000. वर 18 टक्के जीएसटी, तोही साध्या कच्च्या बिलावर, जीएसटी नंबर न टाकता. एकूण आकडा साडेसात लाखांच्या वर गेला. जुने सागवानी वासे मात्र “किडलेत” म्हणून टेम्पोत घालून घेऊन गेला. त्यातले बरेचसे ठणठणीत होते, आणि जुन्या सागाला काय भाव येतो हे त्याला सांगायला नको होतं.

गर्डरचं प्रकरण सगळ्यात वाईट. बिलात 200 मिलिमीटरचे आठ नग, प्रत्येकी पंधरा फूट, वजन 930 किलो. भावाच्या ओळखीच्या इंजिनिअरनं वर जाऊन टेप लावली. गर्डरची उंची भरली सहा इंच, म्हणजे 150 मिलिमीटर. 200 चा गर्डर मीटरला साधारण 25 किलो भरतो, 150 चा 15. म्हणजे लोखंड साडेपाचशे किलोच्या आसपासच होतं. न आलेल्या लोखंडाचे 42,000 रुपये लावले, हे एक. पण ज्या जमिनीवर माणसं झोपणार तिचा आधारच कमी केला, याची चीड अजून जात नाही.

भिंती उचलल्याच नाहीत. पावसाचं कारण सांगून कौलं होती त्याच उंचीवर पुन्हा चढवली. कडेला तीन फूट, आढ्याखाली सव्वासात. मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येतं ते फक्त मधल्या साडेचार-पाच फुटांच्या पट्ट्यात. 300 फुटांतली वापरता येण्यासारखी जागा शंभरेक फूट.

परवानगीचं तर धादांत खोटं होतं. नियमात माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर. राहत्या खोलीला सर्वसाधारणपणे 2.75 मीटर लागते. भिंती उचलायच्या तर महापालिकेची परवानगी घ्यावीच लागते. नाहीतर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस येते ती घरमालकाला, ठेकेदाराला नाही.

तेव्हा कौलाला हात लावू देण्याआधी इंजिनिअरकडून गर्डरचा साइज ठरवून घ्या; तो साइज, माप कशाचं धरायचं आणि जुनं लाकूड कोणाचं, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. लोखंड आलं की वजनकाट्याची पावती मागा. जीएसटी लावला असेल तर नंबर पोर्टलवर तपासा. आणि मे महिन्यात छप्पर उघडूच देऊ नका, दिवाळीनंतर काम काढा.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी सल्ला हवा असेल तर 1915 या हेल्पलाइनवर मिळतो. कच्ची बिलं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, टेप लावलेल्या गर्डरचे फोटो, सगळं जपून ठेवा. आमच्या तक्रारीला आज त्याचाच आधार आहे.