पार्ट-टाइम पीएचडी (पर्यावरणीय व सामाजिक शाश्वतता): वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात माझा सहामाही प्रगती अहवाल विभागातून परत आला. मजकुरावर कुणाचीच हरकत नव्हती. पाठपोट प्रिंट काढली होती, म्हणून परत. "एकाच बाजूला पाहिजे मॅडम. स्पायरल करा, वर ट्रान्स्परंट कव्हर टाका." आणि माझा विषय काय, तर ठाणे खाडीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात मासळीसोबत येणारं प्लास्टिक आणि त्यापायी बुडणारी कमाई. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीबद्दलचे 2022 चे नियम तुम्ही वाचलेले असणारच. किमान तीन वर्षं, कमाल सहा, बायकांना वर दोन वर्षांची सवलत, पार्ट-टाइमवाल्यांना ऑफिसचं ना-हरकत पत्र. त्याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणायची सक्ती काढली. आमच्या विभागात मात्र "सक्ती नाही, पण असलेला बरा" असं अशा सुरात सांगतात की तो असावाच लागतो.

मी नवी मुंबईत महापेला ईएसजी रिपोर्टिंगचं, म्हणजे कंपन्यांच्या पर्यावरण, समाज आणि कारभाराबद्दलच्या अहवालांचं काम करते. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने 2022-23 पासून वरच्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर हा असाच अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून आम्हाला मान वर करायला फुरसत नाही. पण डॉक्टरेटने पगार वाढेल या आशेवर असाल तर सोडून द्या. मॅनेजरने एवढंच विचारलं, "शनिवारी लॉग-इन करशील ना?" जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना 37,000 फुल-टाइमवाल्यांना, आपल्याला फी आपल्याच खिशातून.

कोर्सवर्कबद्दल सुरुवातीला माझं मत अगदी वाईट होतं. दिवसभर ऑफिस करून आल्यावर सॅम्पलिंगच्या स्लाइड्स कोण बघणार? हे मत आता बदलतेय. नवी मुंबईतल्या सारसोळेच्या जेट्टीवर प्रश्नावली घेऊन गेले होते. छापील प्रश्न होता, "गेल्या सात दिवसांतली कमाई किती?" टोपलीतल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या दोरीने बांधता बांधता मावशींनी मलाच उलट विचारलं, "उधाणाचे सात, का भांगाचे?" अमावस्या-पौर्णिमेला पाणी जोरात, ते उधाण; अष्टमीच्या आसपास मंद, तो भांग. त्याप्रमाणे मासळी कमी-जास्त, आणि पैसाही. म्हणजे कुठल्या तिथीला विचारलं यावर एकच घर माझ्या तक्त्यात गरीब नाहीतर बरं दिसणार. किती दिवसांपूर्वीचं आठवायला लावायचं, यावर कोर्सवर्कमध्ये एक अख्खं लेक्चर झालं होतं. मी ते मोबाइल बघत काढलं होतं. आता प्रश्न अख्ख्या पंधरवड्याचा केलाय, आणि फॉर्मवर तारखेशेजारी तिथीचा रकाना आहे.

हा भाग खरंच पैसे वसूल. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा 2022 चा, क्षेत्र 6,521 हेक्टर, हे सगळं घरबसल्या मिळतं. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांच्या बोटी आणि जाळी टाकणाऱ्यांच्या होड्या एकाच पाण्यात असताना कुणाच्या वाट्याला काय येतं, ते कुठल्याच पीडीएफमध्ये नाही.

आता परत कागदाकडे. (नवरा म्हणतो, सोड आता. नाही सोडणार.) अहवाल तपासणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला एक प्रत, विभागाला एक, मार्गदर्शकांना एक. हे दर सहा महिन्यांनी, एका बाजूला, रंगीत नकाशांसकट. झेरॉक्सवाल्याने पाठपोटचे पैसे घेतलेच होते, ते गेले. वर नव्याने सगळं. परत आलेल्या प्रतींचं काय करायचं, तेही कुणी सांगत नाही. आणि शेवटी प्रबंध जाणार शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, डिजिटलच! ईमेलने चालेल का म्हणून विचारलं, तर "रेकॉर्डला हार्ड कॉपी लागते." त्या रेकॉर्डचं कपाट मी पाहिलंय. दार लागत नाही म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवलीय.

एरवी मार्गदर्शक उत्तम आहेत, फोन उचलतात. यात नशिबाचा भाग मोठा, तेव्हा प्रवेशाआधी विचारून घ्या. प्राध्यापकांकडे एका वेळी आठ विद्यार्थी चालतात, असिस्टंट प्रोफेसरकडे चार. तुमचा नंबर आठवा असेल तर अभिप्रायाची वाट बघायची तयारी ठेवा.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार स्पायरलने खाल्ला, एक फीने.

खाडीवरचाच विषय घेणार असाल तर एक सांगते. भेटीगाठी भांगाच्या दिवसांत ठेवा, उधाणाला कुणाला बोलायला वेळ नसतो. आणि सकाळी जाऊ नका. बायका बाजारातून मासळी विकून दुपारी परततात, जेवतात, त्यानंतर जा.