सोफ्याच्या उसवलेल्या शिवणी घरी शिवताना: अर्धगोल सुया आणि बाँडेड दोरा, उन्हाळा-पावसाळा उलटल्यावर

अर्धगोल सुया आणि जाड दोऱ्याचा जो स्वस्त संच ऑनलाइन मिळतो, त्यातल्या सुयांना पैकीच्या पैकी गुण, दोरा मात्र काठावर पास. मधला अख्खा पावसाळा आणि रोजची बसउठ झाल्यावरचं हे मत आहे, पार्सल उघडल्या दिवसाचं नाही.

आधी शिवण दोन बोटांनी फाकवून बघा. नुसता दोरा तुटलाय आणि कापडाची कड शाबूत आहे, तर काम सोपं. कापडाचेच धागे शिवणीजवळ सरकून झिरझिरीत झाले असतील, तर कितीही भारी दोरा वापरा, तो तेच कापड चिरत पुढे जाईल. रेक्झिनला सुईच्या छिद्रांच्या रेषेतच भेग पडली असेल तर नवी छिद्रं पाडू नका. छिद्रं जवळजवळ आली की फाटायला रेघ तयारच मिळते. आणि रेक्झिनचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटत असेल तर टाका धरणार कशाला? तिथे कव्हर बदलणं हाच उपाय.

गादीला चेन असेल तर ही सुई लागतच नाही. कव्हर काढा, उलटं करा, आतून घट्ट उलटी टीप घाला किंवा मशीनवर न्या. अर्धगोल सुईचं खरं काम हात, पाठ आणि पुढची पट्टी इथलं, जिथे कापड चौकटीला पिना मारून बसवलेलं असतं आणि आतून हात जात नाही. घरच्या कामाला अडीच ते तीन इंची सुई सोयीची. कापडाला गोल टोकाची घ्या. तीन धारांची सुई चामड्या-रेक्झिनसाठी असते. कापडात ती धागे कापत जाते. संचात दोन्ही एकत्र येतात आणि पाकिटावर कुठली कुठली ते लिहिलेलं नसतं, म्हणून टोकावरून नख फिरवून ओळखा. गोल दांड्याची सुई बोटांत फिरते, चपट्या दांड्याची फिरत नाही. जाड जागी छोटी पक्कड आणि अंगुस्तान हवंच.

दोऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण टिकणं न टिकणं इथेच ठरतं. संचातला दोरा बहुधा नायलॉनचा. ताकद भरपूर, पण रोजच्या उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होतं. खिडकीशेजारच्या सोफ्याला बाँडेड पॉलिएस्टर घ्या (बाँडेड म्हणजे पीळ उलगडू नये म्हणून वरून चिकट लेप दिलेला). रिळावर टेक्स ७० पाहा, हे दोऱ्याच्या जाडीचं माप. हातशिलाईला एकेरी पुरतो. साधा सुती दोरा दमट हवेत बुरशी धरून कुजतो, कोकणपट्टीत तर नकोच. रंग नेमका जुळत नसेल तर एक छटा गडद चालतो, फिकट लगेच डोळ्यांत येतो.

टाका शिडीचा. १० सेंटिमीटर उसवणीला अर्धा मीटर दोरा भरपूर होतो. त्याहून फार लांब घेतला की गुंता ठरलेला. तुटलेले जुने धागे चिमट्याने काढा, शाबूत टीप उसवू नका. सुरुवात उसवणीच्या ३ सेंटिमीटर अलीकडून, चांगल्या शिवणीवर करा आणि तेवढंच पलीकडे जाऊन संपवा. एका कडेच्या दुमडीतून ४-५ मिलिमीटर आतल्या आत सुई न्या, बाहेर काढा आणि बरोबर समोरच्या बिंदूतून दुसऱ्या कडेत घाला. बिंदू समोरासमोर नसले की शिवण तिरकी ओढली जाते, चुण्या पडतात. जुनी छिद्रं दिसत असतील तर तीच वापरा. चार-पाच टाके सैल घालून मग दोरा शिवणीच्या रेषेत ओढा; वर, म्हणजे आपल्याकडे, ओढला की कापड कापतं. बाँडेड दोरा गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. दोन टाके मागे घ्या, दुहेरी गाठ मारा, शेपूट आत खुपसा. टोक लायटरने वितळवायचा व्हिडिओवाल्यांचा सल्ला भरलेल्या सोफ्यावर अजिबात ऐकू नका, खाली पेटणारा फोम आहे.

कापड विरलेलं असेल तर मागून ४-५ सेंटिमीटर रुंद मांजरपाटाची पट्टी सरकवा, कापडाचा गोंद पातळ लावून रात्रभर वाळवा आणि नवी शिवण निरोगी कापडात, कडेपासून ५ मिलिमीटर आत घ्या. शिवण अशी आत घ्यायला लागते एवढी ढिलाई कापडात नसते. ताणून बसवू नका. सोफा उलटा करून खालचं काळं कापड आणि त्या बाजूच्या पिना काढा, कापड सैल करा, शिवून झालं की पुन्हा पिना मारा.

इतक्या महिन्यांत हातांच्या बाहेरच्या शिवणी आणि पाठीमागची बाजू जशीच्या तशी आहे. बैठकीच्या पुढच्या कोपऱ्यांवरचे टाके मात्र किंचित ताणून दोरा दिसू लागलाय, तिथे सगळा भार येतो. बसलेल्या गादीत फोमचा जादा तुकडा कोंबला असेल तर तो आधी काढा. शिवणीवर कायमचा ताण राहतो आणि दुरुस्त केलेल्या जागेशेजारची टीप उसवते.