पावसाळी गटारांचा आराखडा: सल्लागार संस्थेच्या कामाविषयी

खानदेशातल्या आमच्या नगरपरिषदेने हा आराखडा एका खासगी संस्थेकडून करून घेतला. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे पावसाचे पाणी आणि सांडपाणी वेगळे वाहून न्यायचे, तर गल्लोगल्ली खोदकाम करण्याइतका निधी आमच्याकडे नाही. म्हणून संस्थेने आधी उतार मोजून, जिथे पाणी खरोखर तुंबते तेवढेच पट्टे निवडले, आणि हे मला सर्वांत पटले. बाजारपेठेतल्या मोरीचे झाकण उचलले, तेव्हा आत केळीचे खांब आणि काळ्या मातीचा हातभर गाळ निघाला. तिथे नव्या पाइपांची गरजच नव्हती. देखभालीचा वार्षिक खर्च मात्र अहवालात एका ओळीत गुंडाळला आहे, आणि सभेत नगरसेवकांनी नेमका तोच विचारला.