१६ टीबीची डिस्क, ६४ जीबीचा माल

टोरंटसाठी, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यांनी फाइली उतरवण्यासाठी, ‘सगळं बसवून दिलेला’ बॉक्स घेणार असाल तर त्याच्यासोबत येणारी डिस्क आधी तपासा. मला १६ टीबीची म्हणून विकलेल्या डिस्कच्या आत ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड निघालं, तेही गोंदाने चिकटवलेलं.

वस्तू दिसायला झकास होती. चिमुकला कॉम्प्युटर, त्यावर टोरंट उतरवणारं क्यूबिटटोरंट, शोधासाठी प्राउलार, बघण्या-ऐकण्यासाठी जेलीफिन आणि यूएसबीला लावलेली तळहाताएवढी डिस्क. विक्रेत्याचं रेटिंग उत्तम. असणारच, कारण लोक माल हातात पडला की लगेच चांदण्या देऊन मोकळे होतात. अशा डिस्कचं बिंग खरी जागा भरल्यावर फुटतं आणि तोवर परतीची मुदत उलटलेली असते. या धंद्याचं सगळं गणित त्या मुदतीवरच बसवलेलं आहे.

मी डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयएसओ (ती बसवायच्या फाइली) आणि इंटरनेट आर्काइव्हवरचे जुन्या ध्वनिमुद्रणांचे मोठे संग्रह उतरवत होतो. सगळं शंभर टक्के पूर्ण, सीडिंग, म्हणजे उतरवलेलं इतरांना देणं, चालू. फक्त अपलोड होत नव्हतं. पीअर, म्हणजे तीच फाइल घेणारे इतर लोक, जोडले जायचे, थोडा डेटा घ्यायचे आणि निघून जायचे. राउटर बघितला, पोर्ट बघितला, सगळं ठीक. शेवटी एका संग्रहावर फोर्स रीचेक (डिस्कवरचा डेटा पुन्हा ताडून बघणं) दिलं, तर शंभर टक्क्यांचा आकडा शून्याजवळ येऊन थांबला. फोल्डरमध्ये मात्र फाइली जागच्या जागी, आकारही बरोबर.

ही लबाडी अशी चालते. डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण स्वीकारल्याचं नाटक करून ते टाकून देतं, किंवा जुन्यावरच लिहितं. एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीत फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या भागात असते, म्हणून नावं शाबूत राहतात. टोरंट क्लायंट उतरलेला प्रत्येक तुकडा हॅशशी (त्याच्या ठरलेल्या आकडी ठशाशी) ताडतो खरा, पण बहुधा तो तुकडा मेमरीत असतानाच. तो डिस्कवर टिकला का, हे रीचेक दिल्यावरच कळतं. आणि पीअर का पळत होते? खराब तुकडे पाठवणाऱ्याला समोरचे क्लायंट बाद करतात. माझ्या आधी त्या अनोळखी लोकांच्या सॉफ्टवेअरला डिस्क खोटी असल्याचं कळलं होतं!

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: “सर, हा १००० आणि १०२४ चा फरक आहे.” हा फरक खरा आहे: डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. अस्सल १६ टीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण १४.५ दिसते. पण त्याने नऊ-दहा टक्क्यांचा हिशेब लागतो, १६ टीबीचे ६४ जीबी होत नाहीत. दुसरी खूण डोळ्यांना दिसणारी. १६ टीबीची फिरती (आत चकत्या फिरणारी) डिस्क साडेतीन इंची असते, जड असते आणि तिला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो. यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या फिरत्या डिस्क पाच-सहा टीबीच्या आसपास थांबतात. तळहातावर १६ टीबी, तेही स्वस्तात, दिसलं की पुढे चला.

तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट साधनं आहेत. दोन्ही डिस्क भरून परत वाचतात. मोठ्या डिस्कला फार वेळ लागतो, म्हणून एफ३मधलं एफ३प्रोब वापरा. ते थोड्या वेळात खरी क्षमता सांगतं, मात्र त्याच्या डिस्ट्रक्टिव्ह पर्यायाने आतला डेटा जातो, तेव्हा डिस्क कोरी असतानाच चालवा.

डिस्कनंतर बॉक्सवरही विश्वास राहिला नाही, म्हणून तोही उघडून बघितला. क्यूबिटटोरंट मुद्दाम जुनं ठेवलेलं, वेब पॅनेलचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिनअ‍ॅडमिन’. नोव्हेंबर २०२३ मधल्या ४.६.१ आवृत्तीपासून हा ठरीव पासवर्ड काढून टाकलेला आहे. वर यूपीएनपीने (राउटरचं दार आपोआप उघडणाऱ्या सोयीने) ते पॅनेल इंटरनेटला उघडं. सेटिंगमध्ये ‘टोरंट पूर्ण झाल्यावर बाहेरचा प्रोग्रॅम चालवा’ ही सोय असते. तिथे कुठल्याशा पत्त्यावरून स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ भरलेली होती. ती विक्रेत्याने घातली की उघड्या दारातून आलेल्या तिसऱ्याने, हे सांगता येत नाही. प्रोसेसर सतत तापलेला असायचा, त्याचं कारण मात्र तिथे सापडलं.

तयार बॉक्स आलाच तर त्यातलं काहीही सुरू न करता सिस्टिम पुसून नव्याने बसवा. हे सगळे प्रोग्रॅम मुक्त आहेत, त्यांच्या मूळ ठिकाणी फुकट मिळतात. बसवून देण्याचे पैसे घेणारा त्यात स्वतःचं काय घालून देतो, हे बाहेरून दिसत नाही.

पैसे परत मिळाले, पण विक्रेत्याकडून नाही. ऑनलाइन बाजाराच्या तक्रार विभागाने रीचेकचे स्क्रीनशॉट पाहून “सॉफ्टवेअरची अडचण” म्हणत तक्रार बंद केली. एफ३चा अहवाल आणि फोडलेल्या डिस्कमधल्या कार्डाचा फोटो जोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा ती मान्य झाली.